क्रॅश घेऊन जा गे मारबत!

ज्याच्या हातून गेम होत नाही, तो गेमचं इंजिन करायला घेतो. हा जगभरचा नियम आहे आणि नागपूरच्या प्रतापनगरातही तो लागू आहे. गेम केला की विषय संपतो. लोक तो खेळतात, दोन मिनिटांत कंटाळतात आणि तसं तोंडावर सांगतात. इंजिनाला हा धोका नाही. इंजिन म्हणजे, जिच्यावर पुढेमागे कोणीतरी झकास गेम करणार आहे अशी वस्तू. तो कोणीतरी अजून जन्माला यायचा असला तरी चालतं. तोवर रात्री दोन वाजता लॅपटॉपसमोर बसून कपाळाला आठ्या पाडायच्या, आणि बायकोनं दार ढकललं की "रेंडरर लिहितोय" म्हणायचं. रेंडरर म्हणजे काय, हे तिनं कधी विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसं नेमके प्रश्न विचारणं सोडून देतात. ती एवढंच म्हणाली, "आधी कूलरमध्ये पाणी टाक, मग काय लिहायचं ते लिही."

तशी ही वस्तू सांगायला सोपी आहे. पडद्यावरचं जग सेकंदाला साठ वेळा पुसायचं आणि साठ वेळा नव्यानं काढायचं. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात खेळणाऱ्यानं कोणतं बटण दाबलं ते पाहायचं, चेंडू कुठवर पोचला त्याचा हिशेब करायचा, तो भिंतीवर आपटला का ते तपासायचं, आपटला असेल तर 'टप्' असा आवाज काढायचा, सगळं रंगवायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय हे विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड या चारही ठिकाणी सारखंच चाललं पाहिजे. ही शेवटची अट मी स्वतःच घातली होती. बहुधा तेव्हा सकाळ होती आणि उन्हं चढायची होती.

संत्र्याचं चित्र असलेल्या फाइलच्या नावात पहिलं इंग्रजी अक्षर मोठं आहे की छोटं, याच्याशी विंडोजला देणंघेणं नसतं. लिनक्सला असतं. त्यामुळे माझ्या घरी टुणटुण उडणारा संत्रा समोरच्या पोराच्या लिनक्सवर दिसेचना. भिंतीवर आपटल्याचा आवाज मात्र यायचा. आयफोनचं तर नावच काढायला नको. आयफोनसाठी काही बांधायचं तर मॅक लागतो, आणि मॅक आमच्या अख्ख्या खानदानात एकाच माणसाकडे, पुण्याच्या मेहुण्याकडे. त्याला फोन केला.

"मॅक देता येणार नाही," तो म्हणाला. "पण एक सूचना करू का?"

सूचना. खरी गोष्ट इथून सुरू होते.

मी इंजिन ओपन सोर्स केलं होतं. सगळा कोड उघड्यावर ठेवला: वाचा, बदला, विका, मला काही नको. परवाना लावला एमआयटीचा. जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा हा परवाना असतो, आणि त्यातला बराच भाग 'वस्तू जशी आहे तशी आहे, बिघडली तर आमच्या दारात यायचं नाही' हे मोठ्या अक्षरांत ओरडून सांगण्यात खर्च होतो. चौकातल्या पानठेल्यावर मी हे सांगितलं तेव्हा खर्रा घोटणारा हात मध्येच थांबला.

"फुकट?"

"फुकट."

"काऊन? काही गडबड आहे का त्याच्यात?"

"गडबड आहे. पण ती फुकट आहे म्हणून नाही."

ठेलेवाल्याला ते पटलं नाही. म्हणून मी त्याला युनिटीची कथा सांगितली. युनिटी हे गेम करणाऱ्यांचं मोठं नावाजलेलं इंजिन. त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की ठरावीक कमाई आणि ठरावीक डाउनलोडच्या पुढे गेलेला गेम, यापुढे जितक्या वेळा कोणाच्या यंत्रावर बसवला जाईल तितक्या वेळा गेमवाल्यानं आम्हाला पैसे द्यायचे.

"म्हणजे खर्रा विकला तेव्हा पैसे घेतले," ठेलेवाला म्हणाला, "आन् गिऱ्हाइकानं तोंडात टाकला का पुन्हा घ्यायचे?"

"साधारण तसंच."

"कोणाचं डोकं हे? भारी आहे बे."

"चाललं नाही. लोक भडकले, निघून गेले. वर्षभरानं त्यांना तो आकार रद्द करावा लागला."

"तरीच," असं म्हणून तो पुन्हा घोटायला लागला. पण एक चांगली योजना हातची गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर बराच वेळ होतं.

निघून गेलेले ते लोक मोठ्या संख्येनं गेले गोदोकडे, आणि माझी पहिली पंचाईत झाली ती त्यामुळेच. आमच्या गल्लीत इंजिनीअरिंगची दोन पोरं राहतात. दोघंही एकाच गाडीवर येतात, एकच प्रश्न वाटून विचारतात.

"भाऊ, गोदो असताना..."

"...हे काऊन?"

प्रश्न रास्त होता. गोदो हे इंजिन अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या दोघांनी आधी स्वतःच्या धंद्यासाठी बांधलं आणि २०१४ च्या फेब्रुवारीत सगळ्यांसाठी खुलं केलं. नाव घेतलं बेकेटच्या नाटकावरून. त्यात दोन माणसं ज्याची वाट पाहतात तो शेवटपर्यंत येत नाही. इंजिनही कधी पुरं होत नाही, आणखी एक सोय टाकायची राहिलेलीच असते, म्हणून हे नाव. बेकेटचा गोदो आलाच नाही. हा आला. फक्त ३.० वरून ४.० वर यायला त्याला जानेवारी २०१८ ते मार्च २०२३ इतका वेळ लागला. आज जगभरची माणसं त्यात हातभार लावतात आणि त्यावर केलेले गेम लाखोंनी खपतात.

"मला आतून समजून घ्यायचं आहे," मी म्हणालो.

"मंग समजून घ्या न..."

"...बनवता कायले?"

यावर उत्तर नसल्यामुळे मी त्यांना चहा पाजला. चहा पिता पिता त्यांनी इंजिनात रस घेतला आणि जाताना सांगितलं, "भाऊ, लोकांचं मत घेत जा. कम्युनिटी पाहिजे." ही पोरं वाईट नाहीत. पण नागपुरात लोकांचं मत घ्या असं सांगणं म्हणजे मे महिन्यात ऊन खा असं सांगणं आहे.

कम्युनिटीचे पहिले सभासद आमच्याच भिंतीपलीकडे निघाले. काका अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झाले आहेत. ते फाटकाशी उभे राहून म्हणाले, "बाबू, इंजिन करून राहिला म्हणते तू."

"हो काका."

"किती हॉर्सपॉवर?"

"काका, ते तसलं इंजिन नाही."

"तसलं म्हणजे? डब्ल्यूएजी-९ आम्ही या हातानं खोललेलं आहे. सहा हजाराच्या वर हॉर्सपॉवर. तुह्यं किती?"

"साठ फ्रेम."

काकांनी क्षणभर विचार केला. "बिनडब्याचं का डब्यासकट?"

मी हसलो. हसायला नको होतं, पण ते पुढे.

कम्युनिटी वाढली तशी पोरांनी पानठेल्यावर सुतळीनं एक दोनशे पानी वही बांधली. पहिल्या पानावर मी नियम लिहून दिले. ते माझे नव्हेत, गोदोवाल्यांचेच आहेत. इंजिनात भर घालू पाहणाऱ्यांना ते बजावतात की आधी अडचण सांगा, मग उपाय. आणि अडचण मुळात खरोखर आलेली असली पाहिजे, उद्या येईल अशी कल्पनेतली चालणार नाही. मी वहीत दोन रकाने आखले: 'अडचण' आणि 'उपाय'.

पहिली नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी आली. उपाय: बाइक टाका. अडचण: बाइक नाही.

तर्कात कुठेही फट नव्हती. त्याखाली सात जणांनी 'माझंही हेच' लिहिलं होतं. मग नोंदींचा पूर आला. 'जाहिराती बंद करा', असं ज्यानं लिहिलं त्यानं इंजिन पाहिलेलं नव्हतं, कारण त्यात जाहिराती नव्हत्याच. पण सवयीनं माणूस लिहितो. 'लोडिंग फास्ट करा, टाइम नाही', ही नोंद करणारा गृहस्थ दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत ठेल्याच्या बाकावरून हलत नाही. एकानं लिहिलं होतं, 'चार जण मिळून खेळता आलं पाहिजे', आणि अडचणीच्या रकान्यात, 'मी एकटाच असतो'. त्याखाली मात्र कोणी काही लिहिलं नाही. मधल्या दोन पानांवर कोणाचा तरी दुधाचा हिशेब होता, एका पानावर 'रूम भाड्याने देणे आहे, बॅचलर चालतील'. शेवटच्या पानावरून उलट्या दिशेनं कोणीतरी शेरोशायरी लिहायला घेतली होती. एकंदर नोंदींमध्ये 'हे मी दुरुस्त करून देतो' अशी एकही नव्हती.

अडचण अशी की खरोखरच्या बिघाडाकडे ढुंकूनही कोणी पाहत नव्हतं. चेंडू कधीकधी भिंतीतून आरपार जायचा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हे जरा गंभीर होतं. मी ते वहीत स्वतःच लिहिलं, कोणी हूं की चूं केलं नाही. पण चेंडूचा रंग हा विषय निघाला आणि वही पुरेना.

चेंडू म्हणजे संत्रा. मी त्याला चारचौघांसारखा नारिंगी रंग दिला होता.

"हा नागपूरचा संत्रा नाही," ठेल्यावरचे एक जण म्हणाले. "हा किनू आहे."

झालं. नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, ही काही गंमत नाही, इथून सुरुवात झाली. मग प्रश्न आला, बहार कोणता धरायचा? आंबिया का मृग? आंबियाचा म्हणाल तर देठाशी थोडा हिरवा पाहिजे. काटोलकडच्या एका बागायतदारांनी येऊन सालीवरचे ठिपके कसे असतात ते बॉलपेननं काढून दाखवलं. दोघा पोरांपैकी एकाचं म्हणणं पडलं की चेंडू निळाच बरा, आणि ते कोणी ऐकेना तेव्हा त्यानं कोडची प्रत घेऊन फोर्क केला, म्हणजे वेगळी चूल मांडली. त्याच्या चुलीत आणि माझ्या चुलीत चेंडूचा रंग सोडला तर काडीचा फरक नव्हता. भिंतीतून तोही आरपारच जायचा.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५७ साली एका समितीचं वर्णन केलं होतं: अणुभट्टीचा प्रस्ताव दोन-चार मिनिटांत मंजूर, आणि सायकली ठेवायच्या शेडवर लांबलचक चर्चा, कारण शेड सगळ्यांना कळते. १९९९ मध्ये पोल-हेनिंग कॅम्प नावाच्या एका डॅनिश प्रोग्रॅमरनं आपल्या ओपन सोर्सवाल्या सोबत्यांना वैतागून याच शेडची आठवण करून दिली होती. त्या समितीत आमच्या चौकातलं एखादं माणूस असतं तर तिनं अणुभट्टीलाही वेळ दिला असता. "मोठी काऊन, छोटी लावून पाहा न आधी," असं कोणीतरी म्हणालंच असतं.

एकच निर्णय बिनविरोध झाला. त्रिमितीय जगाला एक मूळबिंदू लागतो, शून्य-शून्य-शून्य, तिथून सगळी अंतरं मोजायची. मी महाराष्ट्राचा नकाशा टाकून पाहत होतो. मूळबिंदू कुठे ठेवू, असं विचारायची खोटी, ठेला एका सुरात म्हणाला, "झिरो माईल!" इंग्रजांच्या मोजणीच्या काळातला तो खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे हे जगाचं केंद्र आहे, याबद्दल आमच्या शहरात कधीच मतभेद नव्हते. वर कोणती दिशा समजायची यावर मात्र होते, आणि ते तर खऱ्या इंजिनांतही आहेत. गोदो आणि युनिटीत वर म्हणजे वाय अक्ष, अनरिअलमध्ये झेड. "वर म्हणजे वर," काका म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

झिरो माईलचा एक परिणाम मात्र कोणाच्या ध्यानात आला नव्हता. संगणक साध्या ३२ बिटी दशांशात संख्या ठेवतो तेव्हा त्यात सातेक आकडेच नीट मावतात. मूळबिंदूजवळ अंतराचा कस बारीक असतो. जसजसं दूर जाल तसतशी वस्तूची जागा ठोकळ होत जाते आणि ती हलताना थरथरते. मीटरमध्ये मोजलं तर खांबाजवळच्या सीताबर्डीवर सगळं सुरळीत चालतं. अमरावतीला पोचेपर्यंत पूर्व-पश्चिम हालचाल दीड सेंटीमीटरच्या टप्प्यांनी होते. पुणे आणि मुंबई यांच्या भागात टप्पा होतो सव्वासहा सेंटीमीटरचा. म्हणजे समृद्धी महामार्गानं ७०१ किलोमीटर सुसाट गेलेली मोटार तिकडे उतरली की उचकी लागल्यागत चालू लागते, आणि पुण्याच्या मेहुण्याला सव्वासहा सेंटीमीटरपेक्षा बारीक हलताच येत नाही.

यावर इलाज आहे. दुप्पट बिटांची संख्या वापरायची. गोदो ४ तसंही बांधून घेता येतं. मी वहीत रीतसर लिहिलं. अडचण: पुणं थरथरतं. उपायाच्या रकान्यात दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'काही गरज नाही'. त्याखाली सह्या करायला जागा उरली नव्हती. मागणी मागे घेण्याचा वहीतला हा एकमेव प्रसंग.

मेहुण्याला मी हे कळवलं. तो म्हणाला, "तुमच्याकडे उन्हाळा सुरू झाला वाटतं."

उन्हाळा खरंच सुरू झाला होता. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की नागपुरात माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि फोनचा प्रोसेसरही काही वेगळं करत नाही. तापला की तो आपणहून वेग कमी करतो, नाहीतर जळून जाईल. सकाळी साठ फ्रेमनं पळणारं इंजिन दुपारी एक वाजता निम्म्यावर यायचं. संत्रा पडताना वाटेत थांबून दम खातोय असं दिसायचं. पोरांनी शास्त्रीय चाचणी घ्यायची म्हणून फोन गच्चीवर नेला. फोननं 'मला थंड होऊ द्या' असा निरोप पडद्यावर दाखवला आणि डोळे मिटले. मग आईच्या सांगण्यावरून तो माठाच्या बुडाशी ठेवला, तर शिपायासारखा उठून साठ फ्रेम द्यायला लागला. त्यावरून आम्ही इंजिनाच्या माहितीपत्रकात किमान गरजा लिहिल्या: अँड्रॉइड फोन, दोन जीबी रॅम, कूलर. कंसात 'वाळ्याच्या ताट्या असल्यास उत्तम'. वहीत याच अडचणीवर एकानं उपाय सुचवला होता, 'जूनमध्ये खेळणे'. इतका कमी खर्चाचा उपाय मी कुठल्याच इंजिनाच्या इतिहासात पाहिलेला नाही.

आईचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. ती शिक्षिका होती. अजूनही आहे, फक्त शाळा नाही. तिनं एकदा नकाशावरची पाटी वाचली. 'विदर्भ' असं मी लिहिलं होतं, पण पडद्यावर वेलांटी 'व'ला सोडून 'द'च्या डोक्यावर जाऊन बसली होती आणि रफाराचा पाय मोडून 'र'खाली लोंबत होता. शेजारच्या हॉटेलच्या पाटीवर 'तर् री पोहे'.

"हे काय आहे?" आई म्हणाली. "चौथीत होतास तेव्हा येत होतं की तुला."

मी तिला समजावलं. वेलांटी साठवली जाते अक्षराच्या नंतर, पण काढावी लागते आधी. रफार साठवला जातो आधी, काढायचा पुढच्याच्या डोक्यावर. आलं अक्षर की ठेव पुढे, असं करणाऱ्या इंजिनाला हे कळत नाही. गोदोलाही ४.० येईपर्यंत आपली लिपी नीट काढता येत नव्हती. मग त्यांनी हार्फबझ नावाची, अक्षरांची जुळणी करून देणारी फुकट लायब्ररी आत बसवली.

"म्हणजे तयार आहे?"

"आहे."

"आणि तू रंगावर भांडतोयस."

ती ठेल्यावर गेली, वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून लाल पेननं तपासायला बसली. 'बाइक', 'फास्ट', 'टाइम' यांच्याखाली रेघा. 'माझंही हेच' सात वेळा आल्याबद्दल 'पुनरुक्ती टाळावी' असा शेरा. शेरोशायरीपुढे प्रश्नचिन्ह. आणि माझ्या नोंदीखाली, अडचण: विदर्भाची वेलांटी. उपाय: पाच वेळा लिहून आणणे. त्या रात्री मी हार्फबझ बसवली. जगभरच्या भल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेली ती वस्तू माझ्या इंजिनात जाताच सगळ्यात चांगलं चालणारा भाग ठरली. मी हे फारसं कोणाला बोललो नाही.

आता काकांचे डबे. पावसाळ्यात पोरांना एकदा हुक्की आली आणि त्यांनी एका संत्र्याऐवजी हजार संत्री सोडली. इंजिन जागच्या जागी गोठलं. कारण उघड होतं. कोण कोणावर आपटलं ते पाहायला मी प्रत्येक संत्रा इतर प्रत्येक संत्र्याशी ताडून बघत होतो. दहा संत्र्यांच्या जोड्या होतात ४५. शंभरांच्या ४,९५०. हजारांच्या ४,९९,५००, आणि त्याही सेकंदाला साठ वेळा, म्हणजे जवळजवळ तीन कोटी तपासण्या. मी डोकं धरून ओट्यावर बसलो असताना काका फाटकाशी आले.

"काय झालं? बसलं इंजिन?"

मी सांगितलं. सगळं, जोड्यांसकट. ते शांतपणे ऐकत होते.

"डब्यासकट पाहिलं न आता?"

"पाहिलं."

"अरे, पण पहिला डबा शेवटच्या डब्याशी जोडायचा कायले? त्यायची भेट होते का कधी? शेजारचा शेजारच्याशी जोड, बस झालं."

मी उठून आत गेलो. पडद्याचे चौकोन पाडले आणि संत्रा आपल्या चौकोनातल्या आणि लगतच्या चौकोनांतल्या संत्र्यांशीच ताडायचा, असं केलं. मोठमोठी इंजिनं साधारण हेच करतात, त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, त्यातली दोन माझ्या कपाटात न उघडलेली होती. हजार संत्री साठ फ्रेमनं नाचू लागली. बाहेर येऊन काकांचे आभार मानले, तुमचं नाव इंजिनाच्या श्रेयनामावलीत टाकतो म्हणालो.

"नाव राहू दे," ते म्हणाले. "शिट्टी टाक त्याच्यात. बिनशिट्टीचं इंजिन असते का कुठं?"

ती टाकली आहे. इंजिन सुरू झालं की वाजते. बंद करता येत नाही. वहीत त्याबद्दल तक्रारी आहेत.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. एकोणिसाव्या शतकापासून निघते आहे. इतवारी-महालच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, आणि मारबतींसोबत बडगे असतात. त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा उबग आला असेल त्याचा पुतळा. महागाई, भ्रष्टाचार, कोणता पुढारी, कोणता देश. पुतळ्याच्या नावानं बोंब ठोकायची, घेऊन जा गे मारबत म्हणायचं आणि शेवटी जाळून मोकळं व्हायचं. अभिप्राय द्यायची इतकी चोख व्यवस्था असलेल्या शहरात मी दोनशे पानी वही बांधायला गेलो होतो.

आमच्या गल्लीतही पोरं छोटासा बडग्या करतात. या वर्षी तो एका रात्रीत झाला. बांबू कोणी आणले ते मला कळलं नाही, कारण कोणी विचारत बसलं नाही. काकांनी तार आणि पक्कड आणून सांगाडा आवळला. ठेलेवाल्यानं रद्दी दिली. निळ्या चेंडूवाला आणि नारिंगी चेंडूवाला एकाच बादलीत खळ कालवत होते. आईनं पाटीवरचा मजकूर तपासून दिला. रंगावरून चकार शब्द निघाला नाही, जो हाताशी होता तो फासला. सकाळी उठून मी फाटकाबाहेर आलो तर बडग्या उभा.

चष्मा. पुढे आलेलं पोट. मांडीवर खोक्याचा लॅपटॉप, त्यावर 'लोडिंग...'. गळ्यात पाटी, वेलांट्या सगळ्या जागच्या जागी: 'फिरता प्रोग्रॅमर, थांबता गेम'.

"तुझ्यापेक्षा उजळ आहे," बायको म्हणाली आणि फोटो काढून पुण्याला पाठवला.

पोरं तालात ओरडत होती, "क्रॅश, हँग, अपडेट... घेऊन जा गे मारबत!" त्यांच्यामागे ज्यांनी आयुष्यात इंजिन सुरू करून पाहिलं नव्हतं तेही जोरजोरात ओरडत होते. काका तोंडानं शिट्टी वाजवत होते. मी घसा खाकरला.

"बाकी सगळं ठीक आहे रे," मी म्हणालो, "पण पोट थोडं कमी करता आलं असतं."

दोघा पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अडचण काय आहे, भाऊ?"

"पोट."

"खरी आहे..."

"...वहीत टाकून ठेवा. पुढच्या वर्षी पाहू."